गोडाला धूर हवा

थंडीच्या संध्याकाळी लावायला व्हॅनिला आणि धूप यांचं परफ्यूम हवंय, असं दुकानात सांगितलं की विक्रेता काउंटरवर पाच-सहा बाटल्या मांडतो. त्यातल्या बहुतेक नुसत्या गोड निघतात. खोक्यावर ‘इन्सेन्स’ छापलेलं असतं, जाहिरातीत धुराची वलयं असतात, आणि मनगटावर मात्र आइस्क्रीमचा वास येतो. म्हणून सुरुवातीलाच सांगते, या जोडीत व्हॅनिला चांगला आहे का हे बघू नका. तो सहसा चांगलाच असतो. धूर पुरेसा आहे का आणि तो शेवटपर्यंत टिकतो का, एवढंच तपासा. पुरणात जायफळ जे करतं तेच इथे धूप करतो. गोडी कमी होत नाही, पण ती अंगावर येत नाही.

आधी थंडीचा संबंध काय, ते बघू. वास येतो म्हणजे त्या पदार्थाचे रेणू उडून आपल्या नाकापर्यंत पोचतात. हवा गार, त्वचा गार, की हे उडणं मंदावतं. मे महिन्यात ताजंतवानं करणारं लिंबू-संत्र्याचं कोलोन डिसेंबरच्या रात्री म्हणूनच फिकं वाटतं आणि थोड्या वेळात गायबही होतं. व्हॅनिलाचा मुख्य घटक व्हॅनिलिन हा जात्याच जड. शुद्ध रूपात तो पांढऱ्या स्फटिकांसारखा असतो आणि साधारण ८१ अंशांना वितळतो. तो त्वचेवरून सावकाश उठतो आणि तासन्‌तास उठत राहतो. राळा, डिंक, लाकडं यांचे खालच्या पट्टीतले वासही असेच धिमे. उकाड्यात घामाबरोबर हे सगळं एकदम वर येतं आणि शेजारच्याला गुदमरायला होतं. गारव्यात तेच हळूहळू, जवळ आलेल्यालाच कळेल इतकं येतं.

आता आपल्या थंडीबद्दल प्रामाणिक असलेलं बरं. पुण्यात-नाशकात पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, निफाडला कधी त्याच्याही बराच खाली जातो. विदर्भातल्या जानेवारीतल्या रात्रीही चांगल्याच बोचतात. मुंबईत १८ अंश झाले की कपाटातले स्वेटर बाहेर पडतात. पणजी-मडगावला तेवढंही नाही. परफ्यूमचे परदेशी समीक्षक ‘हिवाळ्यासाठी उत्तम’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे शून्याखालची हवा आणि जाड कोट असतो. त्यांच्या शिफारशीतलं गोड, जड परफ्यूम दादरला डिसेंबरात लावलं तर ते चैत्रात लावल्यासारखं वागेल. मुंबई, ठाणे, कोकण आणि गोवा इथल्या वाचकांनी या जातीतलं हलकं, कोरड्या धुराचं परफ्यूम घ्यावं. घाटावरच्यांना आणि विदर्भातल्यांना थोडी जास्त मोकळीक आहे, तीही सूर्य मावळल्यावरच, कारण दुपारी तिथेही ऊन तापतं.

व्हॅनिला म्हणजे एका ऑर्किडच्या वेलीची शेंग. वेल मूळची मेक्सिकोकडची. तिथून बाहेर नेलेल्या वेलींना फुलं येत, पण शेंगा धरत नसत. १८४१ मध्ये हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर एडमंड आल्बियस या अवघ्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने फुलाचं परागण हाताने करायची युक्ती शोधली. आजही मादागास्करपासून केरळापर्यंत बागांमध्ये प्रत्येक फूल असंच हाताने फळवलं जातं, आणि फूल उमलतं एकाच दिवसापुरतं. हिरव्या शेंगेला तो वास नसतोच. वाफवून, उबवून, वाळवून, महिनोन्‌महिने मुरवल्यावर तो तयार होतो. इतकी मेहनत असल्यावर खरा अर्क महाग असणारच. म्हणून परवडणाऱ्या परफ्यूममध्ये जवळपास सगळा भार प्रयोगशाळेतल्या व्हॅनिलिनवर असतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. १८७४ मध्ये जर्मनीत टीमान आणि हारमान यांनी शंकूधारी झाडांच्या रसातल्या कोनिफेरिनपासून व्हॅनिलिन बनवलं, आणि आधुनिक परफ्यूमचा रस्ता तिथून मोठा झाला.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट पुढेच आहे. लाकूड जळतं तेव्हा त्यातलं लिग्निन फुटून ग्वायकॉल नावाचं द्रव्य सुटतं. धुराला जो धुराचा वास येतो, त्यात याचा वाटा मोठा. आणि कारखान्यांत आज व्हॅनिलिन बनतं ते मुख्यतः याच ग्वायकॉलपासून. जुन्या पुस्तकाच्या पानांना येणारा किंचित गोडसर वासही कागदातलं लिग्निन विघटित होताना तयार होणाऱ्या द्रव्यांमुळे येतो, आणि त्यात व्हॅनिलिन असतं. म्हणजे धूर आणि व्हॅनिला हे एकाच घरातले. परफ्यूम बनवणारे त्यांना जवळ आणतात तेव्हा ती सोयरीक ओढूनताणून केलेली नसते.

‘धूप’ म्हटल्यावर बाटलीत नेमकं काय आहे, हा खरा प्रश्न. दोन मुख्य घराणी ओळखता आली तरी पुरे. पहिलं फ्रँकिन्सेन्स. बॉसवेलिया जातीच्या झाडाला चिरा दिल्यावर पाझरणारा हा डिंक ओमानमधल्या धोफारमध्ये, येमेनमध्ये आणि सोमालियाच्या बाजूला मिळतो. याच कुळातलं आपलं झाड म्हणजे सालई. सातपुड्याच्या आणि विदर्भाच्या कोरड्या जंगलांत ती मुबलक आहे. फ्रँकिन्सेन्सचा वास तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच थंड आणि कोरडा असतो. सुरुवातीला लिंबाची साल, मिरी, देवदार यांची आठवण होते, कारण त्यात पाइनीन आणि लिमोनीन ही हलकी द्रव्यं असतात. ती उडून गेली की खाली जुन्या दगडी चर्चमध्ये रेंगाळतो तसा गंभीर वास उरतो. या खालच्या वासाला जबाबदार असलेली आम्लं फ्रान्समधल्या संशोधकांनी अगदी अलीकडे, २०१६ मध्ये, शोधून काढली. गोव्यात किंवा वसईत नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला गेला असाल, तर हा वास तुमच्या ओळखीचा आहे.

दुसरं घराणं लोबानचं. आपल्याकडे दिवेलागणीला धुपाटण्यात निखाऱ्यावर जो ऊद टाकतात तो बहुधा याच जातीचा डिंक असतो, आग्नेय आशियातल्या स्टायरॅक्स झाडांचा. बाळाच्या न्हाणीनंतरच्या शेक-शेगडीतही तो पडायचा. हा वास गोल, मऊ, मधासारखा. यात नवल नाही, कारण लाओसच्या बाजूच्या लोबानात थोडं व्हॅनिलिन निसर्गतःच असतं. (दुकानात पाटीवर ‘ऊद’ लिहिलेलं असेल तर ते अगरूचं लाकूड असतं, ते वेगळं, फार उग्र आणि इथे अप्रस्तुत.) गुग्गुळ, राळ, गंधरस यांचे वासही या पंगतीत येतात, पण नवख्याने तूर्त दोनच ओळखावेत.

निवड करताना हा फरक कामाला येतो. लोबान आणि व्हॅनिला एकमेकांना इतके जवळचे, की दोघंच असले तर गोडात गोड मिसळतं. मऊ, उबदार, घरगुती वास येतो, पण तासाभराने कंटाळा येऊ शकतो. व्हॅनिलाला आवरतं ते फ्रँकिन्सेन्स. माझ्या मते या जातीतली चांगली परफ्यूम तिघांचीच असतात: वर कोरडं फ्रँकिन्सेन्स, खाली व्हॅनिला, आणि दोघांना जोडणारा लोबान मध्ये. कुठे कुठे धुराचा भाग नागरमोथ्याच्या तेलावर सोपवलेला असतो. नागरमोथा म्हणजे उटण्यातला आपला नागरमोथाच. त्याच्या मुळांचं तेल मातकट, धुरकट असतं आणि परदेशी परफ्यूमकारांना ते फार प्रिय आहे.

उदाहरणांनी हे लवकर समजेल. या सगळ्यांची आजी म्हणजे गेर्लांचं ‘शालिमार’, १९२५ मध्ये पॅरिसमध्ये आलेलं, मुघलांच्या शालिमार बागेचं नाव घेतलेलं. जाक गेर्लां यांनी त्यात एथिल व्हॅनिलिन वापरलं, जे साध्या व्हॅनिलिनपेक्षा बरंच तीव्र असतं. वरचा लिंबूवर्गी भडका ओसरला की खाली राळ, चामडं, धूर आणि व्हॅनिला असा गडद ऐवज आहे. आजच्या तरुण नाकाला ते जुन्या वळणाचं वाटेल. तरी या विषयात शिरणाऱ्याने एकदा हुंगावंच; नंतरच्या कित्येकांची नक्कल कुठून आली ते कळतं. डिप्टिकचं ‘ओ द्युएल’ (२०१०) हे आपल्या विषयाचं सर्वांत नेमकं उदाहरण: व्हॅनिला आणि फ्रँकिन्सेन्स, सोबत मिरीचा चटका, आणि गोडी बेताची. मुंबईच्या हवेला झेपेल असं मला तेच वाटतं. शनेलचं ‘कोरोमांडेल’ (२००७) लोबान, पाचोळी आणि धूप यांचं. ते भरजरी आहे, लग्नाच्या स्वागतसमारंभाला शोभेल असं. मेझाँ मार्जिएलाचं ‘बाय द फायरप्लेस’ शेकोटीच्या धुराचं आणि भाजलेल्या चेस्टनटचं आहे. त्यात देवघर नाही, चूल आहे. हुरड्याच्या रात्री ते कसं वागेल याची कल्पना तुम्हीच करा. धूप नुसता कसा असतो ते जाणून घ्यायचं असेल तर कॉम दे गार्सोंचं ‘आविन्यों’ हुंगा: चर्च, दगड, गारवा, आणि गोडीचा थेंब नाही. आणि बायरेडो या स्टॉकहोमच्या घराण्याने ‘आन्सां शेंबूर’ नावाचं परफ्यूम काढलं होतं, त्यातलं शेंबूर म्हणजे आपलं मुंबईचं चेंबूर. संस्थापक बेन गोरहॅम यांच्या आईचं ते गाव, आणि परफ्यूम तिथल्या देवळांतल्या धुपाचं. त्यात व्हॅनिला पुढे नाही, पण मराठी नाकाला ते ओळखीचं वाटावं.

ही नावं महागड्या बाजारातली आहेत, याची जाणीव आहे. ती विकत घ्या म्हणून दिलेली नाहीत. मोठ्या शहरातल्या दुकानात जाऊन कागदी पट्टीवर हुंगायला पैसे पडत नाहीत. नाकात एकदा मोजपट्टी तयार झाली, की स्वस्तातलं निवडणं सोपं जातं. आखाती देशांतल्या कंपन्यांची परफ्यूम आता भारतात सगळीकडे मिळतात आणि थोड्या पैशांत बराच टिकाऊपणा देतात. लताफाचं ‘खमरा’ हे त्यातलं गाजलेलं नाव: दालचिनी, खजूर, व्हॅनिला, लोबान. ते बरंच गोडाकडे झुकलेलं आहे. गोड आवडणाऱ्याने निःशंक घ्यावं, पण त्यात धूर शोधत बसू नये.

खोक्यावरच्या आणि जाहिरातीतल्या ‘नोट्स’ ही पाककृती नव्हे. त्या वर्णनाच्या सोयीसाठी दिलेल्या असतात आणि त्यातला पदार्थ बाटलीत असेलच असं नाही. तरीही वाचायच्या. व्हॅनिलासोबत ‘ओलिबॅनम’ किंवा ‘फ्रँकिन्सेन्स’, ‘मिऱ्ह’ (गंधरस), ‘लॅब्डेनम’ (एक राळ), ‘सिप्रिओल’ (हाच तो नागरमोथा), ‘ग्वायक वुड’ यांपैकी दोन-तीन दिसले तर आशा धरायला हरकत नाही. व्हॅनिलासोबत ‘कॅरॅमल’, ‘प्रॅलिन’, ‘मार्शमॅलो’, ‘कॉटन कँडी’ असेल, तर मग ‘इन्सेन्स’ हा शब्द शोभेला टाकलाय असं समजा. ‘अंबर’ म्हणजे बहुतेक वेळा लॅब्डेनम, लोबान आणि व्हॅनिला यांचं मिश्रणच. त्यात धूर आहे असं त्यावरून ठरत नाही. पुरुषांसाठी, बायकांसाठी हा शिक्का तर सरळ सोडून द्या.

आता हुंगण्याची पद्धत, कारण पैसे वाया जातात ते इथेच. मॉलच्या गारठ्यात दहा परफ्यूमच्या गर्दीत पहिल्या पाच मिनिटांत जे वाटतं त्यावर बाटली घेऊ नका. आधी मद्यार्क उडतो आणि पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत वरचे हलके वास नाचत असतात; फ्रँकिन्सेन्सचा लिंबू-मिरीचा भाग तेव्हाच सर्वांत ठळक असतो आणि खरेदीदार त्याला भुलतो. कागदी पट्ट्यांवर चार-पाच हुंगा, पट्टीवर नाव लिहा, त्यातलं एकच, फार तर दोन, मनगटांवर घ्या आणि दुकानाबाहेर पडा. चहा प्या, बाजार करा, घरी जा. तासाभराने एकदा आणि रात्री जेवणानंतर एकदा मनगट हुंगा. पट्टी उशाशी न ठेवता दुसऱ्या खोलीत ठेवा आणि सकाळी उचलून पाहा. सकाळी नुसती साखर उरली असेल तर ते गोड परफ्यूम होतं, धूर फक्त दारापर्यंत सोबत करायला आला होता. सकाळीही थोडी राळ, थोडी राख जाणवली तर वस्तू तुमच्या कामाची. दुकानात नाक थकलं की कॉफीच्या बिया पुढे करतात. त्यांचा विशेष उपयोग नाही. मोकळी हवा किंवा आपल्याच बाहीचा वास तेवढंच काम करतो.

आणखी एक. काही कृत्रिम लाकडी-अंबर द्रव्यं अशी आहेत की कुणाला ती नाकात टोचतात, तर कुणाला त्यांचा वासच येत नाही. कस्तुरीसदृश काही द्रव्यांचंही तसंच. त्यामुळे घरातल्या दुसऱ्या कुणाला मनगट हुंगायला द्या. ‘घशात खवखवतंय’ असं कुणी म्हणालं तर ते ऐका, तुम्हाला तसं वाटत नसलं तरी. पूर्ण बाटली घेण्याआधी २ किंवा ५ मिलीची छोटी कुपी मिळाली तर उत्तम. ती ओळखीच्या, बऱ्याच दिवसांपासून टिकून असलेल्या विक्रेत्याकडूनच घ्यावी, कारण नामांकित परफ्यूमच्या नकलांचा बाजार मोठा आहे आणि निम्म्या किमतीत मिळणारी ‘ओरिजिनल’ बाटली सहसा ओरिजिनल नसते.

लावायचं किती, हे जागेवर ठरतं. पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवासारखी डिसेंबरातली संध्याकाळ घ्या. हवा गार, अंगावर शाल, आणि बैठक अशी की शेजाऱ्याचा गुडघा आपल्या गुडघ्याला लागतो. तिथे छातीवर कपड्याच्या आत एकच फवारा पुरे. शेजारचा रसिक चार तास उठून जाऊ शकत नाही, हे लक्षात ठेवा. मोकळ्या गच्चीवर, शेतावर, शेकोटीशेजारी दोन किंवा तीन चालतील, जरी शेकोटी पेटली की तिच्यापुढे तुमच्या बाटलीतल्या धुराचं काही चालणार नाही. मंगल कार्यालयात फसगत होते ती अशी: आपण गार हवेत घरून निघतो, वास कमी येतोय म्हणून दोन फवारे जास्त मारतो, आणि दिव्यांच्या, गर्दीच्या, जेवणाच्या उबेत ते सगळं एकदम फुलतं. म्हणून मात्रा निघताना वाटते त्यावर न ठरवता जिथे पोचायचं तिथल्या उबेवर ठरवा. निघण्याआधी अर्धा-पाऊण तास लावलं की सुरुवातीचा भडका घरातच ओसरतो. बंद काचांच्या गाडीत चौघं जायचे असतील तर एकच फवारा, तोही मानेमागे. स्वतःचा वास आपल्याला थोड्या वेळाने येईनासा होतो, ते नाकाचं कामच आहे. त्यावरून परफ्यूम उडालं असं समजून पुन्हा मारू नये.

मनगटं एकमेकांवर घासू नयेत असं सांगतात आणि त्यामागे ‘रेणू मोडतात’ असं कारण देतात. रेणू काही मोडत नाहीत. घासण्याने ऊब येते आणि वरचे हलके वास लवकर उडतात, एवढंच. पण थंडीत मनगट ही जागाच फारशी चांगली नाही. हात गार असतात, धुतले जातात, स्वेटरच्या बाहीत जातात. छाती, कॉलरचं हाड, मानेमागे केसांखाली या उबदार जागा बऱ्या. हिवाळ्यात त्वचा कोरडी पडते आणि कोरड्या त्वचेवर वास कमी टिकतो. आंघोळीनंतर बिनवासाचं क्रीम किंवा पेट्रोलियम जेली लावून त्यावर परफ्यूम घ्या. खोबरेल तेल इथे नको. नारळ आणि व्हॅनिला एकत्र आले की मिठाईचा वास होतो आणि धूप मागे पडतो. तिळाच्या तेलाचा अभ्यंग झाला असेल तर तो वास साबणाने पूर्ण गेल्याशिवाय परफ्यूमच्या वाटेला जाऊ नये.

कपड्यांबाबत मी कडक आहे. व्हॅनिलिन असलेलं परफ्यूम पिवळट-तपकिरी होत जातं आणि डाग पाडतं. पैठणीवर, पांढऱ्या कुडत्यावर, फिकट पश्मिन्यावर ते थेट मारू नये. मद्यार्काने रेशमावर कडा उमटतात त्या वेगळ्याच. मोत्यांना तर परफ्यूम अजिबात चालत नाही, त्यांची झळाळी जाते. नथ, तन्मणी, मोत्यांची कुडी हे सगळं परफ्यूम वाळल्यावर घालायचं. गडद रंगाच्या लोकरी शालीच्या आतल्या काठावर, हातभर अंतरावरून, एक फवारा मात्र जरूर मारून बघा. लोकर वास धरून ठेवते आणि शाल सावरताना तो थोडा थोडा सोडते. हाच वास त्या शालीत कित्येक दिवस राहील, म्हणून अशी शाल एकच ठेवलेली बरी.

याहून चांगली एक युक्ती आपल्या घरात आधीपासून आहे. न्हायल्यावर ओल्या केसांना धूप द्यायची पद्धत होती. आखातात आजही कपडे तिकाटीवर पसरून खाली बखूर नावाचा धूप जाळतात. तसाच खरा धूर शालीला द्या आणि त्वचेवर फक्त साधं व्हॅनिला ठेवा. धुपाटण्यात कोळशाचा निखारा राखेने पांढरा पडेपर्यंत थांबा. त्यावर ऊदाचे दोन-तीन खडे टाका, मूठभर नको. जास्त टाकला की करपट वास येतो. शाल दोन्ही हातांत पसरून दीड हात उंच धरा, दोन मिनिटं फिरवा, मग झटकून खिडकीजवळ तासभर टांगून ठेवा. त्या तासात जळका वास जातो आणि मऊ राळ उरते. नायलॉन, पॉलिएस्टर, जॉर्जेट आगीजवळ आणू नका. खिडकी उघडी ठेवा. घरात दमा असलेलं कुणी किंवा तान्हं मूल असेल तर हा उद्योग करूच नका. अगरबत्ती यासाठी चालत नाही. तिला स्वतःचा सुगंध लावलेला असतो आणि तो व्हॅनिलाशी भांडतो. कापूर तर नाहीच. या पद्धतीत महागडं परफ्यूमही लागत नाही. व्हॅनिलाचं साधं, स्वस्त बॉडी स्प्रेसुद्धा खऱ्या धुराजवळ भारदस्त होऊन जातं.

अत्तरवाल्यांकडे व्हॅनिला मागू नका. मिळेल, पण ते त्यांचं खरं घर नव्हे. त्यांच्याकडे मागायचा तो शमामा. कनौजच्या परंपरेत खस, मोगरा, मिट्टी ही उन्हाळ्याची अत्तरं आणि हिना, शमामा ही थंडीची. शमामा बऱ्याच वनस्पती आणि मसाले एकत्र ऊर्ध्वपातन करून बनतो आणि त्याचा वास उबदार, मुळांचा, धुरकट असतो. टाचणीच्या डोक्याएवढा शमामा छातीवर आणि त्यावर व्हॅनिलाचा एक फवारा, ही जोडी फार छान जमते. कुपीची काडी एकदाच टेकवायची. कानात फाया घालणाऱ्यांनी फाया शमामाचा घ्यावा आणि व्हॅनिला कपड्याआड ठेवावा.

स्वयंपाकघरातला व्हॅनिला इसेन्स अंगाला लावण्याचा सल्ला अधूनमधून कुठेतरी वाचायला मिळतो. लावू नका. तो बहुधा कृत्रिम व्हॅनिलिन, द्रावक आणि कधी कधी रंग यांचा असतो. चिकटतो आणि डाग पाडतो.

त्वचेचा प्रश्न मात्र थोडा गंभीरपणे घ्यावा. राळा आणि बाल्सम यांची ॲलर्जी दुर्मीळ नाही. ‘बाल्सम ऑफ पेरू’ची ॲलर्जी असल्याचं त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितलं असेल तर लोबान आणि व्हॅनिला दोन्हीपासून जपून राहा. नवीन बाटली कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून एक दिवस थांबा. अर्धशिशी असलेल्यांनी गोड जड वास बंद जागेत टाळलेला बरा, आणि अशा व्यक्तीला भेटायला जाताना आपणही.

न्यू जर्सी, टोरांटो, लंडन इथल्या वाचकांना थंडीची ददात नाही. त्यांची अडचण उलटी आहे. बाहेर शून्याखाली, आत हीटर. रस्त्यावर वास येतच नाही आणि मित्राच्या घरी कोट काढला की दिवाणखाना भरून जातो. त्यांनी परफ्यूम कोटावर किंवा स्कार्फवर न मारता त्वचेवर, थरांच्या सर्वांत आत, एकदाच लावावं. हीटरच्या कोरड्या हवेत त्वचेला क्रीमची गरज आपल्यापेक्षा जास्त. कॅनडात बऱ्याच कचेऱ्यांत आणि दवाखान्यांत सुगंध लावून येऊ नये असा नियम असतो, तेव्हा संध्याकाळचं परफ्यूम सकाळी कामावर जाताना लावण्याआधी तो पाहून घ्यावा. आणि ऑफिसला घालायच्या कोटाला धूप देऊ नये, हेही त्यातच आलं.

बाटली बाथरूममध्ये किंवा खिडकीत ठेवू नका. कपाटात, खोक्यासकट, अंधारात ठेवा. वर्षभरात रंग मधासारखा, मग चहासारखा गडद झाला तर घाबरू नका. व्हॅनिलिन असंच वागतं आणि वास त्याने बिघडतोच असं नाही. बिघडलं आहे का ते पाहायचं असेल तर पट्टीवर मारून पहिला आंबूस वास पंधरा मिनिटांत जातो का ते बघा. गेला आणि खाली राळ-व्हॅनिला शाबूत असली तर बाटली अजून चालेल; फक्त निघण्याच्या थोडं अधिक आधी लावा. होळीनंतर ती मागच्या कप्प्यात ढकला. उन्हाळ्यात ती काढायचा मोह झालाच तर महाबळेश्वरला रात्रीच्या जेवणापुरती काढा, पुण्याच्या दुपारी नको.